पोटाची उंची

धुळ्याला, हायवेच्या कडेला, काचेच्या थंडगार दुकानात
तीन गाड्या ओळीनं उभ्या.
लग्नाला निघालेल्या तीन जावा जणू:
साडी एकाच ठाणातली,
फरक फक्त अंगावरच्या सोन्याचा.

कल्पेश चौधरी तक्ता उलगडतो.
डावीकडे साधी, मध्ये मधली, उजवीकडे वरची.
साधीच्या रकान्यात आडव्या रेघाच रेघा,
पेरा न झालेल्या रानातल्या तासांसारख्या.
वरचीच्या रकान्यात बरोबरच्या खुणा,
एकही गाळलेली नाही.
शाळेत मला असा पेपर कधी परत मिळाला नाही.

"मॅडम, हिला छतात काच. रात्री चांदण्या दिसतात."
बाहेर मे महिना, शेहेचाळीस अंश,
डांबर टायरला चिकटतंय.
इथे माणूस वर बघतो
ते टाकी भरली का बघायला.

"हिला बर्फात चालवायचं बटण."
मी आणि दित्या एकमेकांकडे बघतो.
बर्फ आमच्याकडे डब्यात असतो,
लशीच्या कुप्यांभोवती,
आणि तळोद्याहून घाट चढून पाड्यावर पोचेपर्यंत
त्याचं पाणी होतं.
सतरा वर्षं मी शेळ्यांची डॉक्टर,
त्यातली निम्मी त्या पाण्याशी भांडण्यात गेली.

म्हणून मधली.
मधलीच्या डिकीत घरच्यासारखं प्लग पॉइंट आहे,
छोटा फ्रीज चालेल.
मी झाकण उघडून बघते, बंद करते, परत उघडते.
"लॅपटॉपसाठी छान," कल्पेश म्हणतो.

पण चारही चाकं ओढतात ती फक्त वरचीची.
मधलीची पुढची दोन राबतात,
मागची दोन नुसती वरातीत चालतात.
फरक चार लाख दहा हजारांचा.
पन्नासेक शेळ्या आणि एक बोकड,
मी मनात मोजते. सवय आहे.

चक्कर मारायला बसते, बटण दाबते.
काहीच होत नाही.
परत दाबते.
"चालूच होती मॅडम. आता बंद केलीत."
माझी जीप सुरू झाली की तीन पाड्यांवरची कुत्री उठतात,
बाया शेळ्या बांधून ठेवतात.
हिची वर्दी कोण देणार?

दित्या तक्ता बघतच नाही.
दित्या पावरा, आधी दूधवाल्याचा टेम्पो, मग माझी जीप,
चांदसैलीची वळणं त्याच्या खांद्यात बसलेली.
तो चपला काढतो,
चकचकीत फरशीवर कुशीवर झोपतो,
गाडीखाली हात घालतो आणि वीत लावतो.
एक वीत, वर एक बोट.
मग मधलीखाली. एक वीत, वर एक बोट.
मग साधीखाली.
उठून शर्ट झटकतो:
"पोट ते तिन्हीसनं सारखंच शे."

कल्पेशला हसू येतं, मग येत नाही.
"पानी कितलं चालस?"
कल्पेश मिलिमीटरमध्ये सांगतो.
मी वाकून माझ्या नडगीवर हात ठेवते: इथवर.
दित्या मान हलवतो.
फरशीपुलावरचं श्रावणातलं पाणी
त्याला मांडीपर्यंत ओळखतं.

साधी, मधली, वरची. वरची, मधली.
बँकेचा हप्ता मी तळहातावर लिहिलाय,
घामानं त्यातला एक आकडा गेला,
कोणता ते आता आठवत नाही.

"वरचीच द्या. पण ती छताची काच नको."
"काढता येत नाही मॅडम. पॅकेजच तसं आहे."

"ऱ्हावू द्या ना बाई," दित्या म्हणतो,
"पूरमा दार नही उघडनं
ते वरतीन निंघता यी."

कल्पेशचं पेन थांबतं.
तक्त्यात या कामाला रकाना नाही.
मग तो घसा साफ करतो
आणि विचारतो, रंग कोणता.

दित्या चपला शोधतोय.
कुणीतरी त्या बाहेर
उन्हात नेऊन ठेवल्यात.